मांडवीच्या मामांची मेडलं

“पार्सल मांडवीला पोहोचलंय,” असं फोनवरची मुलगी तिसऱ्यांदा म्हणाली, तेव्हा मामा मांडवीतच, स्वतःच्या पडवीतल्या झोपाळ्यावर बसलेले होते.

“कुठल्या मांडवीला?”

“मांडवीलाच सर. इथे तसंच दाखवतंय.”

“अहो, मी मांडवीतूनच बोलतोय!”

“मग घेऊन टाका ना सर.”

मामांनी झोपाळा थांबवला, खाली वाकून पाहिलं. पार्सल नव्हतं. मांजर होतं.

जुन्या कोशांत मांडवी या शब्दाचा अर्थ जकातघर असा दिलेला आहे. जिथे बंदर तिथे जकात आणि जिथे जकात तिथे मांडवी, त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावर मांडव्यांना तोटा नाही. एक मुंबईत मशीद बंदरापाशी. १८९६ साली मुंबईत प्लेग पहिल्यांदा उमटला तो तिथेच. एक कच्छात, जिथे अजून लाकडी जहाजं बांधतात आणि जिथे श्यामजी कृष्णवर्मा जन्मले. कोकण रेल्वेची मांडवी एक्सप्रेस रोज रत्नागिरीला थांबते खरी, पण तीसुद्धा रत्नागिरीतल्या मामांच्या मांडवीची कुणी लागत नाही. तिचं नाव गोव्याच्या नदीवरून. मामांचं पार्सल आधी मुंबईच्या मांडवीत गेलं, तिथून कच्छच्या मांडवीत जाऊन आलं, आणि सत्ताविसाव्या दिवशी रत्नागिरीच्या मांडवीत, काळ्या वाळूच्या समुद्राजवळच्या त्या आळीत, चारही कोपरे चेपलेल्या अवस्थेत दाखल झालं. जकातघराचं नाव लावणाऱ्या वस्तीत राहूनही परदेशी मालावरची जकात मामांना चुकली नाही. ती वस्तूच्या किमतीपेक्षा थोडी जास्तच झाली होती.

मामा सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या बरोबरीच्या कुणी कलमं लावली, कुणी होमस्टे काढला, कुणी नुसतेच संध्याकाळी जेट्टीवर जाऊन भगवती किल्ल्याकडे बघत बसतात. मामांनी छंद धरला. त्याचं पूर्ण नाव ‘विसाव्या शतकाच्या आरंभीची उपहासात्मक राजकीय पदकं’. मामा ते एका दमात म्हणतात. मामी त्याला ‘ते लोखंड’ म्हणतात. आळीत लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणतात; जुनी नाणी विकणारेही मामाच समजतात, फक्त वेगळ्या अर्थानं.

पार्सलात होतं ल्युसिटानियाचं पदक. ७ मे १९१५ रोजी जर्मन पाणबुडीनं हे प्रवासी जहाज आयर्लंडजवळ बुडवलं आणि जवळपास १,२०० माणसं गेली. म्युनिकमधल्या कार्ल गोएत्स नावाच्या पदककारानं त्यावर पदक ओतलं. त्याला टिंगल करायची होती ती जहाज कंपनीची: युद्धाचा माल भरून वर प्रवासी घेता काय? एका बाजूला तोफा आणि विमानं लादलेलं बुडतं जहाज, वर ‘निषिद्ध माल नाही!’ असा टोमणा. दुसऱ्या बाजूला कंपनीची तिकीटखिडकी. खिडकीत तिकिटं विकायला बसलाय चक्क हाडांचा सापळा. बाहेर गर्दी, त्यात एक जण पाणबुडीच्या धोक्याची बातमी छापलेला पेपर वाचतोय, शेजारी उंच हॅटवाला जर्मन बोट उगारून सावध करतोय, आणि लोक तरीही तिकीट घेतायत. वर अक्षरं: ‘धंदा सर्वांत वर’.

शेजारच्या अण्णांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं.

“हुबेहूब गणपतीच्या वेळची खिडकी हो! सापळ्याच्या हातात तिकिटं तरी दिसतायत.”

इथवर गोएत्सचं बरं चाललं होतं. पण तारीख घालताना त्यानं ७ मेच्या जागी ५ मे घातली. पेपरात चुकीचं छापून आलं होतं, असं त्यानं मागाहून सांगितलं. ब्रिटिशांना तेवढंच हवं होतं. जहाज सातला बुडालं आणि जर्मनांकडे पदक पाचचं, म्हणजे कट आधीच शिजला होता! लंडनचा बडा दुकानदार सेल्फ्रिज यानं पुढाकार घेतला आणि या पदकाच्या जवळपास ३ लाख नकला निघाल्या. डबीत पदक, सोबत जर्मनांच्या क्रौर्यावरचं माहितीपत्रक, किंमत १ शिलिंग, नफा आंधळ्या झालेल्या सैनिकांच्या संस्थेला आणि रेडक्रॉसला. गोएत्सनं घाईघाईनं तारीख सुधारून नवी पदकं ओतली, तीही वाया गेली. १९१७ मध्ये त्याच्याच बव्हेरियाच्या सरकारनं पदकावर बंदी घातली. ज्यांची टिंगल करायची त्यांनीच ती छापून घरोघर वाटली आणि टिंगल करणारा तोंड लपवत फिरला. आळीतल्या भांडणांत हे नेहमी घडतं, पण त्यासाठी कुणी धातू खर्च करत नाही.

अस्सल आणि नक्कल ओळखायची खूण एका अक्षराची. जर्मन पदकावर महिन्याचं नाव जर्मनमध्ये, शेवटी ‘आय’. ब्रिटिशांनी नक्कल करताना बाकी सगळं जर्मन ठेवलं, आणि तिथे नेमकं इंग्रजी ‘वाय’ उमटवलं. मामांनी भिंग लावलं. ‘वाय’ होता. मामा खट्टू झाले नाहीत. त्यांनी नक्कल म्हणूनच ती घेतली होती. फक्त मामींना सांगताना “तशी अस्सल नक्कल आहे” असं सांगितलं, आणि मामी म्हणाल्या, “म्हणजे खोटं, पण खरं खोटं.” इतकी नेमकी व्याख्या नाणेशास्त्राच्या कुठल्या पुस्तकात नसेल.

आता ब्रिटिश नक्कल असते लोखंडाची, आणि मांडवीच्या खाऱ्या हवेत खिडक्यांचे गजसुद्धा पापड सुटल्यासारखे सोलवटतात. मृगाच्या पहिल्या आठवड्यात सापळ्याच्या बरगड्यांवर तांबूस गंज दिसू लागला. दमट हवेतल्या वस्तू तांदळात ठेवाव्यात, असं मामांनी कुठेतरी वाचलं होतं. त्यांनी पदक मलमलच्या फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात तळाशी खुपसलं आणि ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. तांदूळ संपत आले, फडकं सुटलं, आणि एका सकाळी पेज वाढताना मामींचा डाव टण्णकन वाजला. मुंबईहून आलेल्या व्याह्यांच्या वाडग्यात आधी जहाज पडलं, मग उलटून सापळा वर आला.

“हे काय?” व्याही.

“लोह,” मामा म्हणाले. “पेजेत चांगलं असतं.”

त्या दिवसापासून तांदळाच्या डब्याची किल्ली मामींच्या कमरेला आहे.

दुसरं पदक स्वस्तात मिळालं, कारण जर्मनीत ते ढिगांनी निघालं होतं. नाव ‘जर्मन जनतेचा यातनामार्ग’. त्यावर ना राजा, ना जहाज; भावांची यादी. १ नोव्हेंबर १९२३ रोजी अर्धा किलो पाव ३ अब्ज मार्क, अर्धा किलो मांस ३६ अब्ज, एक ग्लास बिअर ४ अब्ज. नोटा छापून छापून चलनाची रद्दी झाली, तेव्हा लोकांनी भाव धातूवर कोरून ठेवले, निदान धातूला तरी किंमत उरेल म्हणून.

“म्हणजे हे दरपत्रक आहे,” मामी म्हणाल्या.

“हा इतिहास आहे.”

“यात मासे कुठेत?”

मामांनी ते पदक खिशात घालून बाजारात न्यायला सुरुवात केली. पापलेटाचा भाव ऐकला की ते मासेवालीला शांतपणे सांगत, “बाई, जर्मनीत २३ साली अर्धा किलो मटण ३६ अब्जांना होतं.” दोन वेळा तिनं ऐकून घेतलं. तिसऱ्या वेळी टोपलीवर ओलं फडकं टाकत म्हणाली, “मग तिथनंच आणा.”

घरातली आघाडी खरी पेटली ती मतदानाच्या पेनीवरून. १९१३-१४ च्या सुमारास इंग्लंडमधल्या मताधिकारवादी बायकांनी सातव्या एडवर्डच्या ब्राँझच्या पेन्या घेतल्या आणि राजाच्या चेहऱ्यावर, नेमक्या गालाकानावर, एकेक अक्षर ठोकून ‘बायकांना मताचा हक्क’ असं उमटवलं. १९०३ सालची अशी एक पेनी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पेनी इतकी हलकी चीज की सरकारला ती गोळा करणंही परवडू नये. मिठाईच्या दुकानातून ट्राममध्ये, ट्राममधून दारूच्या गुत्त्यात, राजा गालावर घोषणा घेऊन फिरत राहिला. ही गोष्ट मामांनी जेवताना मोठ्या रसात सांगितली. ती त्यांची चूक होती. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पाकिटातल्या दहाच्या नोटेवर बॉलपेननं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: ‘नारळ दोन, आणि स्वतःचं ताट स्वतः उचला.’ नोटेवर लिहू नये, हे मामांनी सांगून पाहिलं. उपहासात्मक आहे, असं उत्तर आलं.

कुणीही विचारील की हे सगळं म्युनिक-लंडनचं; आपल्याकडे काही नाही? आहे, आणि गंमत म्हणजे ते सरकारनं स्वतः पाडलं. १९११ साली पंचम जॉर्जचा नवा रुपया निघाला. राजाच्या अंगावर झूल, झुलीवर ‘ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर’ची साखळी, साखळीत एक हत्ती. हत्ती मसुराएवढा. त्या मसुराएवढ्या जागेत सोंड आखूड झाली, पाय भलतेच उतरले, आणि बाजारात बोभाटा झाला की बादशहानं छातीवर डुक्कर लावलंय. मुसलमान भडकले, हिंदूंनीही नाकं मुरडली. रुपये नव्वद लाखांवर पाडून झाले होते. त्यांतले सातएक लाख बाहेर पडले होते. उरलेले वितळवले, बाहेरचे जमतील तितके मागे घेतले, आणि १९१२ च्या रुपयावर हत्तीला नीट सोंड फुटली. साम्राज्याची अब्रू एवढ्याशा सोंडेवर येऊन टेकली होती.

तेव्हा कुणाला नको असलेला तो डुकरी रुपया आज हजारोंनी मागतात. मामांना डुकरी रुपया आहे असं सांगत आजवर पुष्कळ लोक आले. प्रत्येकाकडे १९१२ चा होता, आणि एकाकडे व्हिक्टोरियाचा.

“बघा मामा, डुक्कर.”

“अहो, ही राणी आहे.”

भिंगाखाली हत्ती ओळखण्याचा मामांचा इतका सराव झालाय की हल्ली नातवाच्या चित्रकलेच्या वहीतल्या हत्तीलाही ते सोंडेवरून वर्ष सांगतात. प्रस्तुत लेखकानं एकदा त्यांच्या भिंगातून १९११ चा एक रुपया पाहिला. लेखकाला तो हत्तीही वाटला नाही आणि डुक्करही. आंब्याची बाठ वाटली. हे मत त्यानं उघड बोलून दाखवलं आणि त्या दिवशी चहा आला नाही.

मराठी माणसानं मात्र टोमणा धातूत ओतायचा खटाटोप केलेला दिसत नाही. त्याला गरज पडली नसावी. शिवराम महादेव परांजप्यांचा ‘काळ’ १८९८ पासून सरकारची इतकी तोंडभरून स्तुती करत असे की १९०८ मध्ये त्यांना राजद्रोहाखाली तुरुंगात पाठवावं लागलं. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त १९०७ साली रंगभूमीवर कीचक यायचा आणि प्रेक्षकांना माजी व्हाइसरॉय कर्झन दिसायचा; १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. नाटकाला भट्टी लागत नाही, साचा लागत नाही, आणि जप्तीला आलेल्या शिपायाला खिशात काही सापडत नाही. मांडवीत तर अजूनही नाट्यगृहाचीसुद्धा गरज पडत नाही. मामांनी जेट्टीवर आपली पदकं दाखवली तेव्हा एका वृद्धानं ती एकेक करून हातात तोलली आणि विचारलं, “मोडीत किती येतील?” गोएत्सला हा घाव घालायला आठवडा लागला असता.

तरी रत्नागिरीच्या वाट्याला एक पदक आहेच, असा मामांचा दावा आहे, आणि तो खोडून काढणं कठीण आहे. ब्रह्मदेशाचा थिबा राजा १८८६ पासून इथे नजरकैदेत होता. त्याचा राजवाडा १९१० मध्ये बांधून झाला, आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. त्याला पकडण्याचं युद्ध नोव्हेंबर १८८५ मध्ये पंधरवड्यात आटोपलं. त्याबद्दल सैनिकांना ‘इंडिया जनरल सर्व्हिस’ पदक मिळालं, आणि फितीवर पट्टी: ‘बर्मा १८८५-७’. पंधरवड्याच्या लढाईला तीन सालांची पट्टी कशी? तर राजा शरण आला, पण तिकडचे लोक आले नाहीत. मग दुसरी पट्टी निघाली ‘१८८७-८९’, मग तिसरी ‘१८८९-९२’. मामा हे सांगताना उभे राहतात. “उपहास म्हणतात तो हा! युद्ध संपल्याच्या पट्ट्या सात वर्षं पाडतायत!” राजा तोवर रत्नागिरीत खर्चाला पैसे पुरत नाहीत म्हणून जवाहीर विकत होता. एकेका घरात थिब्याच्या माणकाची गोष्ट आहे. माणिक मात्र कुठल्याच घरात नाही.

या सगळ्या प्रवासात मामांच्या मनात एकच शल्य होतं: अस्सल गोएत्स, ५ तारखेचा, ‘आय’वाला. तो गेल्या दिवाळीआधी एका विक्रेत्यानं दाखवला. ब्राँझ, अंगावर हिरवट-काळी जुनी छटा, महिना ‘आय’नं संपणारा. मामांनी किंमत ऐकली, पेन्शनचं पासबुक डोळ्यांपुढे आलं, आणि त्यांनी ते मिटलं.

घरी आल्यावर शास्त्रशुद्ध तपासणी. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक घेऊन मामा किनाऱ्यावर गेले, कारण घरात उजेड नव्हता आणि मामी होत्या. पदकाला चुंबक चिकटलं नाही. लोखंड नाही, झकास! आनंदाच्या भरात चुंबक हातातून निसटून वाळूत पडलं. मांडवीच्या काळ्या वाळूत लोहखनिज भरपूर. चुंबक उचललं तेव्हा त्याला दोन्ही टोकांना काळ्याभोर वाळूच्या टोकदार मिशा फुटल्या होत्या, थेट कैसर विल्हेल्मच्या. त्या झटकल्या की पुन्हा उभ्या राहत. दोन पोरं येऊन बघत बसली. भेळवाला गाडी सोडून आला. मामांनी पदक आणि मिशाळ चुंबक एकाच खिशात कोंबलं आणि घर गाठलं. दुसऱ्या दिवशी आमटीतही कचकच लागली.

आणि मग दिवाळीची भांडी निघाली. तांब्याचा बंब, पितळेची समई, पूजेची ताम्हनं. मामींनी आमसुलं भिजत घातली. बैठकीतल्या टेबलावर एक कळकलेली चकती दिसली, तीही त्यांनी घेतली.

मामा अंघोळ करून आले तर समईशेजारी अस्सल गोएत्स ऊन खात बसला होता. पिवळाधमक.

“कसं लख्ख झालंय बघा!”

मामांच्या तोंडून शब्द फुटेना. शंभर वर्षांची छटा! ती आमसुलाच्या एका सालीनं, पाच मिनिटांत! मामी मात्र पाण्याच्या तांब्यात बघत होत्या.

“अहो, पण हा हिरवा रंग पाण्यात असा तरंगतोय कसा? आपल्या बंबाचा कळक घासून घासून हात मोडले, तो अजून जात नाही. हा तर गणपतीच्या रंगासारखा सुटला.”

मामांनी पाणी पाहिलं. पदक पाहिलं. भिंग, चुंबक, तराजू, चार पुस्तकं आणि तीन तज्ज्ञ यांना जे जमलं नव्हतं, ते चार आण्याच्या आमसुलानं केलं होतं. पितळ होतं. सापळा खिडकीतून हात पुढे करून बसला होता, आणि या वेळी रांगेत सर्वांत पुढे कोण उभं आहे, ते मामांना भिंगाशिवाय दिसलं.

“अस्सल नक्कल का?” मामींनी हळूच विचारलं.

“नाही,” मामा म्हणाले. “नुसतीच.”

(प्रस्तुत लेखकानं त्याच विक्रेत्याकडून त्याच आठवड्यात डुकरी रुपया घेतला होता. तो अजून आमसुलात घातलेला नाही. घालण्याची घाईही नाही.)

यंदा मामांची सत्तरी झाली. आळीतल्या पोरांनी वर्गणी काढून ट्रॉफीच्या दुकानातून एक पितळी पदक करून आणलं. एका बाजूला भिंग लावलेले मामा, डोळा भिंगाएवढा. दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराची खिडकी, खिडकीत डाव घेतलेल्या मामी, बाहेर पिशव्या घेतलेल्या नाणेवाल्यांची रांग, आणि वर ‘मेडल सर्वांत वर’. मामांनी हातात घेतलं, उलटसुलट केलं, भिंग काढलं. पोरं श्वास रोखून उभी. मामांचं बोट तारखेपाशी थांबलं.

वाढदिवस सतराचा. पदकावर पंधरा.

“अरे देवा,” पोरांतला म्होरक्या म्हणाला. “दुकानवाल्यानं घोळ घातला. द्या मामा, उद्याच्या उद्या बदलून आणतो.”

“हात लावू नकोस!” मामा ओरडले. “हे हवंच. आणि दुरुस्त केलेलंही एक पाडून आण. साचा मोडू देऊ नकोस. किती नग काढलेत, ते लिहून घे त्याच्याकडून.”

पोरं पांगली. मामांनी पदक रुमालात गुंडाळलं आणि ते ठेवायला सुरक्षित जागा शोधत घरभर फिरले. तांदळाच्या डब्याला कुलूप होतं. मागच्या पडवीत मामी पाटावर बसल्या होत्या, पुढ्यात पाण्याचं घमेलं, आणि मूठभर आमसुलं नुकतीच भिजत घातलेली.

“आणा,” त्या म्हणाल्या. “बघू या.”